नागपुरात घरचं टमाटर: पोळ्याला बी, दसऱ्याला रोप

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटी मी एका रोपवाटिकेतून टमाटरची सहा रोपं आणली. चांगली तजेलदार होती. मार्चभर झपाट्यानं वाढली आणि एप्रिल लागताच पिवळ्या फुलांनी लगडली. मग रोज सकाळी कुंडीखाली फुलांचा सडा पडू लागला. टमाटरच्या फुलाच्या देठावर मध्येच एक बारीक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. फूल त्या गाठीपाशी पिवळं पडायचं आणि जरा धक्का लागला की गळायचं. मी खत घातलं, पाणी वाढवलं, औषध मारलं, तरी एक फळ धरलं नाही. रोपांत दोष नव्हता, मातीतही नव्हता. वेळ चुकली होती.

म्हणून नागपुरात पहिल्यांदा टमाटर लावणाऱ्याला मी कुंडी-मातीच्या आधी दिनदर्शिका उघडायला सांगते. आपल्याकडे घरचं टमाटर हे हिवाळ्याचं पीक आहे. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचा २५ च्या वर राहू लागला की फुलातले परागकण निकामी होतात, आणि फूल फळ न धरता गळतं. रात्री १५ ते २० अंशांच्या आसपास असल्या की फळधारणा सगळ्यांत चांगली होते. नारायणगाव-जुन्नरकडे उन्हाळी टमाटर मोठ्या प्रमाणात घेतात, पण तिथल्या रात्री आपल्यासारख्या तापत नाहीत. तिकडचा सल्ला वाचून इथे जानेवारीत बी टाकलं तर फुलं येतील तेव्हा आपल्याकडे कूलर लागलेले असतील.

आपला हिशोब सणांवर बसवला की विसरत नाही. पोळा ते गणपती या दिवसांत बी टाकायचं, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. दसऱ्याच्या सुमारास, पाऊस परतला की, रोपं कायमच्या जागी लावायची. दिवाळीच्या आगेमागे पहिली फुलं दिसतात. लावणीपासून साधारण ६५ ते ७५ दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला, पहिलं फळ पिकतं. संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत भर असतो आणि होळीला झाड संपतं. बी टाकायचं राहून गेलं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार रोपं विकत घ्या. नोव्हेंबर अर्धा उलटल्यावर लावलेलं झाडही फळतं, पण थंडीत सावकाश वाढतं आणि ऐन बहरात उन्हाळा त्याला गाठतो.

जागा आधी बघा, आणि डिसेंबरच्या नजरेनं बघा

टमाटरला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. इथे बरेच जण फसतात, कारण जागा निवडतो ऑगस्टात आणि झाड फळतं डिसेंबर-जानेवारीत. ऑगस्टात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, सगळं अंगण उजळलेलं दिसतं. डिसेंबरच्या शेवटी मात्र नागपुरात भर मध्यान्हीलाही सूर्य दक्षिणेकडे साधारण ४५ अंशांपर्यंतच चढतो. ४५ अंश म्हणजे भिंत जितकी उंच, तितकीच लांब तिची सावली. दक्षिणेला दहा फुटांची कंपाऊंड वॉल असेल तर तिच्या मागची दहा फूट जागा दुपारी बारालाही सावलीत असते, आणि सकाळ-संध्याकाळी सावली याहून लांब पडते. शेजारी तीन मजली घर दक्षिणेला असेल तर अंगणाचा नाद सोडा, स्लॅबवर चला. स्लॅबवरही दक्षिणेकडच्या कठड्याला लागून कुंड्या ठेवू नका. तीन फुटांचा कठडा तीन फूट ऊन खातो.

स्लॅबवर ठेवताना वजनाचाही विचार करा. वीस लिटरची भरलेली, ओली कुंडी पंचवीस-तीस किलोपर्यंत जाते. अशा दहा-बारा एका ठिकाणी गोळा करू नका. भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर ओळीनं ठेवा आणि खाली विटा द्या, म्हणजे पाणी साचून स्लॅब ओलावणार नाही.

माती

नागपूरची काळी माती कसदार आहे, पण कुंडीत ती जशीच्या तशी भरू नका. ओली झाली की फुगते, चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून वाटतं पाणी भरपूर दिलं, आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

कुंडीसाठी मी हे प्रमाण वापरते: चार भाग काळी माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वाळू बांधकामावरून मिळते. चाळून, खालचा जाडा भाग घ्यायचा, कारण बारीक वाळूनं माती उलट घट्ट होते. मिश्रण जमलं की नाही ते बघायला थोडी माती ओली करून मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण अंगठ्यानं टोचला की फुटला पाहिजे. नुसताच चेपला गेला तर वाळू आणि खत वाढवा.

कुंडी किमान १५ लिटरची, २० ची असेल तर उत्तम. रंगाची रिकामी बादली नीट धुऊन, बुडाला आठ-दहा भोकं पाडली की काम होतं. एका बादलीत एकच झाड. दोन लावायचा मोह होतोच, पण दोन्ही अर्धपोटी राहतात.

अंगणात जमिनीत लावणार असाल तर काळ्या मातीत सपाट वाफा नको. वीत-सव्वा वीत उंचीचा वरंबा करा आणि त्यावर लावा. परतीचा एखादा जोरदार पाऊस दसऱ्यालाही येतो, तेव्हा सपाट वाफ्यातली रोपं पाण्यात उभी राहतात. दोन रोपांत दीड फूट आणि दोन ओळींत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. आणखी एक: आपली काळी माती आधीच अल्कधर्मी आहे आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे. त्यामुळे चुना, चुलीची राख, अंड्याची टरफलं हे उपाय आपल्याकडे गरजेचे नाहीत. राख-चुन्यानं तर लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

कोणतं वाण

नवीन माणसानं सरळ (संकरित नसलेलं) वाण घ्यावं, म्हणजे पुढच्या वर्षी बी घरचं राहतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा रुबी हे जुनं आणि भरवशाचं वाण आहे. फळ थोडं चपटं, आंबटसर, चटणी-रस्स्याला छान. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का विकास पाण्याची थोडी ओढ सहन करतं, म्हणून ज्यांचं पाणी घालायचं कधीमधी चुकतं त्यांच्यासाठी चांगलं. त्याच संस्थेचं अर्का रक्षक हे संकरित वाण पर्णगुच्छ (पानं वळून गुच्छासारखी होणं), जिवाणूजन्य मर (झाड सुकून जाणं) आणि लवकर येणारा करपा (पानांवर तपकिरी ठिपके) या तिन्ही रोगांना तोंड देतं. मागच्या वर्षी झाडं रोगानं गेली असतील तर हेच लावा, फक्त त्याचं बी धरू नका. लेकरांसाठी एक झाड चेरी टमाटरचं ठेवा. उन्हाळा लागल्यावरही ते थोडं जास्त दिवस फळत राहतं.

आमच्या आईच्या तोंडी टमाटरला अजून भेदरं हाच शब्द आहे. खेड्यातून कधी ती लहान, पातळ सालीची, आंबट भेदरी मिळाली तर दोन बाजूला ठेवा आणि त्यांचं बी लावून बघा. चटणीला त्यांच्या तोडीचं दुसरं नाही.

रोप तयार करणं

कागदी कप, दह्याचे डबे, काहीही चालतं, बुडाला भोक मात्र हवं. अर्धं कोकोपीट, अर्धं गांडूळखत भरा, एक चिमूट ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर) मिसळा, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. त्याहून खोल नको. पाच ते आठ दिवसांत अंकुर वर येतो. अंकुर दिसला की डबे उजेडात हवेत. खिडकीच्या आतल्या अंधुक उजेडात रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि मान टाकतात.

सप्टेंबरात दोन धोके असतात. पहिला रोप कोलमडण्याचा: जमिनीलगत देठ काळं पडून चिमटल्यासारखं होतं आणि एका रात्रीत रोप आडवं. दमट हवा आणि जास्त पाणी हे कारण. डबे पावसात ठेवू नका आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका.

दुसरा धोका पांढऱ्या माशीचा, आणि तो फार महाग पडतो. जेमतेम एक मिलिमीटरची ही माशी पर्णगुच्छाचा विषाणू आणते. लहान रोपाला तो लागला तर पुढे त्या झाडावर केलेली सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून रोपं झाकून वाढवा. मच्छरदाणी पुरत नाही, तिची भोकं या माशीला मोठी आहेत. जुनं पातळ मलमलचं कापड किंवा विरळ सुती ओढणी चार काड्यांवर ताणून, कडा विटांनी दाबून टाका. उजेड आत जातो, माशी जात नाही.

२५ ते ३० दिवसांत रोप वीतभर होतं, चार-पाच खरी पानं येतात. विकतचं रोप घेताना सगळ्यांत उंच किंवा फुलावर आलेलं निवडू नका. बुटकं, जाड देठाचं, गडद हिरवं घ्या आणि पान उलटून मागून बघा. हात लावताच पांढरा भुगा उडाल्यासारखं दिसलं तर त्या दुकानातून काहीच आणू नका.

लावणी

संध्याकाळी लावा. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे चांगलंच चटके देतं, सकाळी लावलेलं रोप दुपारपर्यंत मलूल होतं.

टमाटर खोल लावायचं असतं. मिरची किंवा वांग्याचं रोप जेवढं मातीत होतं तेवढंच लावतात. टमाटरच्या देठाला मात्र मातीशी संपर्क आला की तिथून नवी मुळं फुटतात. देठ निरखून पाहिलं तर खालच्या बाजूला बारीक, पांढुरके फुगवटे दिसतात, घामोळ्यांसारखे. ती मुळांचीच सुरुवात. म्हणून खालची दोन-तीन पानं खुडा आणि देठाचा अर्ध्याहून जास्त भाग मातीत जाऊ द्या. खड्ड्यात दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी ढेप मातीत मिसळून घाला, रोप ठेवा, माती हलक्या हातानं दाबा, पाणी द्या. पहिले चार दिवस दुपारची थोडी सावली करा.

आधाराची काठी त्याच दिवशी रोवा. महिन्याभरानं रोवली तर मुळं तुटतात. बांबू असेल तर बांबू, नाही तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून जाड तुराट्या किंवा पऱ्हाट्या मिळतात. झाड सुतळीनं बांधताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या, देठ पुढे जाड होणार आहे.

लगेच मातीवर आच्छादन घाला: तणस, वाळलेला पाला, काहीही, तीन बोटं जाड. देठाला मात्र टेकू देऊ नका. यामुळे ओल टिकते, आणि पाणी देताना माती उडून खालच्या पानांवर बसत नाही. करपा बहुतेक वेळा त्या उडालेल्या मातीतूनच चढतो.

पाणी

टमाटरला भरपूर पाणी लागतं असं नाही, पण सारखं लागतं. तीन दिवस विसरायचं आणि चौथ्या दिवशी बादली ओतायची, असं केलं की दोन गोष्टी होतात. पिकायला आलेलं फळ तडकतं. आणि हिरव्या फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. हे काळं बूड बघून लोक किडीचं औषध मारतात किंवा कॅल्शियम विकत आणतात. कॅल्शियम मातीत असतंच. ते पाण्यासोबत फळापर्यंत जातं, आणि पाणी तुटलं की पोचत नाही. नियमित पाणी सुरू केलं की पुढची फळं निरोगी येतात. काळी पडलेली काढून टाका, ती सुधारत नाहीत.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. गार आणि ओलं लागलं तर आज पाणी नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात वीस लिटरच्या कुंडीला एक दिवसाआड पुरतं, फेब्रुवारीपासून रोज लागतं. सकाळी द्या, बुडाशी द्या, पानं भिजवू नका. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. दोन्हींत क्षार साठलेले असतात, कुंडीत ते निघून जात नाहीत आणि पानांच्या कडा जळतात.

छाटणी, फुलं आणि खत

पान आणि मुख्य देठ यांच्या बेचक्यातून जो नवा फुटवा निघतो त्याला बगलफूट म्हणतात. उंच वाढणाऱ्या वाणांत दोन मुख्य फांद्या ठेवून बाकीच्या बगलफुटी बोटभर असतानाच चिमटीनं खुडा. झुडपासारख्या बुटक्या वाणांना हे करू नका, नाही तर फळच कमी होईल. खुडताना बोटांवर पिवळसर हिरवा चिकट थर बसतो आणि एक उग्र वास येतो. साबण लावला की पाणी हिरवंगार निघतं. तो पानावरच्या लवेतला रस असतो, काळजीचं कारण नाही. मला तर तो वास हिवाळ्याचाच वाटतो.

हात मात्र झाडाला लावण्याआधी धुवा. आपल्याकडे खर्रा घोटणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून टमाटरला लागू शकतो. घरात कोणी खर्रा खात असेल, बिडी ओढत असेल, तर त्यांना साबणानं हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू देऊ नका.

टमाटरचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, फक्त ते हलायला हवं. मोकळ्या अंगणात वारा आणि भुंगे हे काम करतात. स्लॅबच्या आडोशाला किंवा बाल्कनीत ते होत नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दव सुकल्यावर, फुलांच्या घोसाला टिचकी मारा. रोज अर्धं मिनिट पुरतं.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की झाड गर्द हिरवं, दांडगं दिसतं आणि फुलं येत नाहीत. लावणीनंतर महिनाभर काही नको. पहिला घोस फुलला की दर पंधरा-वीस दिवसांनी दोन मुठी गांडूळखत बुडाभोवती पसरा.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबल्यासारखी होते आणि त्या दिवसांतल्या फुलांची फळं लहान, वेडीवाकडी येतात. घाबरून खत घालू नका. थंडी ओसरली की झाड आपोआप वेग धरतं.

कीड आणि रोग

रोज चहाच्या वेळी पाच मिनिटं झाडापाशी उभं राहा, पानं उलटून बघा. घरच्या दहा-बारा झाडांना याहून मोठं औषध नाही.

फळाला गोल भोक आणि बाजूला ओली विष्ठा दिसली तर आत फळ पोखरणारी अळी आहे. एकच अळी एकामागून एक अनेक फळं नासवते, म्हणून ते फळ अळीसकट काढून नष्ट करा. कुंड्यांच्या मध्ये दोन-तीन झेंडू लावा. या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालणं पसंत करतो. झेंडू टमाटरच्या तीन आठवडे आधी लावलेला असला पाहिजे, म्हणजे दोघं एकाच वेळी फुलतात.

पांढरी माशी आणि मावा यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे टांगा, आणि आठवड्यातून एकदा एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. पानं वाटीसारखी वर वळली, लहान आणि दाट गुच्छासारखी झाली तर तो पर्णगुच्छ. त्यावर औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बांधा, बाहेर टाका. जीवावर येतं, पण एक वाचवायच्या नादात बाकीची जातात.

खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, आणि ठिपक्यात एकात एक वलयं, असं दिसलं की करपा. ती पानं लगेच काढा. झाड कमरेएवढं झालं की जमिनीपासून फूटभर पानं नाहीतरी काढून टाकायची असतातच.

तोडणी

फळावर गुलाबी छटा आली की ते घरातही पूर्ण पिकतं आणि चवीत काही कमी होत नाही. बुलबुल, खारी, वस्तीत माकडं येत असतील तर याच वेळी तोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस किंवा गारांचा अंदाज असेल तर रंग धरलेली सगळी फळं आधीच काढा. वरच्या गाठीपाशी वाकवलं की फळ देठासकट अलगद निघतं. फ्रिजमध्ये नका ठेवू, चव मरते. टोपलीत एक थर पसरून ठेवा.

मार्चमध्ये फळं लाल न होता पिवळी-केशरी राहू लागतात. ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, हे त्याचं कारण. ती झाडावर ठेवून उपयोग नाही, हिरवी-पिवळी तोडून आत पिकवा, किंवा हिरव्यांची तीळ घालून चटणी करा.

बी धरायचं तर सरळ वाणाच्या सगळ्यांत निरोगी झाडावरचं, दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं, पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गर-बी वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढरट साय धरते. मग चाळणीत खळखळून धुवा आणि ताटलीवर सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. पुडीवर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. कोरड्या, थंड जागी तीन-चार वर्षं उगवतं.

होळीनंतर झाडं उपटा. कुंड्यांतली माती प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पसरा, ओली करा, वरून पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दाबा आणि मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तशीच राहू द्या. त्या उष्णतेनं मातीतली बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी बऱ्यापैकी मरतं. जूनमध्ये ती माती पुन्हा शेणखत घालून भरा, पण त्यात लगेच टमाटर, वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नका, ही सगळी एकाच कुळातली आहेत. भेंडी, चवळी, पालक लावा, आणि पोळ्याच्या टमाटरसाठी दुसऱ्या कुंड्या मोकळ्या ठेवा.